आयर्टन सेन्ना : सन १९८३ ची शर्यत

मोटारींच्या शर्यतीसारखा विषय शाळेच्या वार्षिकात कशासाठी, असा प्रश्न काही पालकांच्या मनात येईल. तो आमच्याही मनात येऊन गेला. शर्यतीची मोटार हाकणे दूरच राहो, साधी मोटारसायकल चालवितानाही घाटातील वळणावर आम्हांस देव आठवतो. परंतु आमच्या वर्गातील काही मुलांच्या वह्यांवर एक चित्र वारंवार दिसू लागले : पिवळे शिरस्त्राण, त्यावर हिरवा व निळा पट्टा, आणि त्यातून रोखून पाहणारे दोन डोळे. ही मुले जन्मण्यापूर्वी कितीतरी आधी वारलेला हा मनुष्य कोण, म्हणून आम्ही विचारले, तेव्हा त्याच्या जगज्जेतेपदांची वर्षे मुलांनी पाढ्यांसारखी घडाघड म्हणून दाखविली. ज्या वर्षी तो हाती आलेले यश घालविण्याच्या बेतात होता, त्या वर्षाची हकीकत मात्र एकालाही ठाऊक नव्हती. आमच्या मते हा मनुष्य समजून घ्यावयाचा तर तेच वर्ष आधी पाहिले पाहिजे.

आयर्टन सेन्ना दा सिल्वा याचा जन्म २१ मार्च १९६० रोजी ब्राझील देशातील साव पावलो या महानगरात झाला. दा सिल्वा हे आडनाव आम्हां गोवेकरांस परके नाही. शाळांच्या हजेरीपटांत ते आढळतेच. ब्राझीलमध्ये तर ते इतके सर्वत्र आहे की, भर बाजारात त्या नावाने हाक मारली तर अनेकजण एकदम वळून पाहतील. म्हणून पुढे त्याने आईच्या माहेरचे सेन्ना हेच नाव चालू ठेवले. वडील मिल्टन सधन कारखानदार होते. आईचे नाव नैदे. थोरली बहीण व्हिव्हियान, धाकटा भाऊ लिओनार्दो. घरात आयर्टनला बेको म्हणत.

हा बेको लहानपणी चालताना अडखळे. जिने चढताना त्याचा तोल जाई. हातापायांवर ताबा नसलेले हे पोर पाहून आईबापांस घोर लागला आणि त्यांनी त्याच्या मेंदूची विद्युत्-तपासणीही करविली. दोष काही आढळला नाही. चौथ्या वर्षी वडिलांनी त्याला एक छोटी कार्ट करून दिली. कार्ट म्हणजे जमिनीलगत बसणारी, छप्पर, दारे वा स्प्रिंगा यांपैकी काहीही नसलेली, चार लहान चाकांची गाडी. हिरवळ कापण्याच्या यंत्राचे एक अश्वशक्तीचे इंजिन तिला लावलेले होते. जिन्यावर धडपडणारा मुलगा त्या गाडीत बसला की निराळाच होऊन जाई.

वयाच्या तेराव्या वर्षी, सन १९७३ मध्ये, साव पावलोच्या इंटरलागोस येथे तो पहिल्या शर्यतीत उतरला. आरंभी कोणी कोठे उभे राहावयाचे हे चिठ्ठ्या टाकून ठरले आणि पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी नेमकी त्याच्या हाती आली. असले नशीब त्याच्या वाट्याला पुन्हा क्वचितच आले. पुढे एका शर्यतीत पाऊस लागला व ओल्या रस्त्यावर त्याची अगदी दैना उडाली. त्यानंतर पाऊस सुरू झाला की हा आपली कार्ट काढून मैदान गाठू लागला. आमच्याकडे मृगाचे पहिले थेंब पडताच आया मुलांना हाका मारून घरात घेतात; साव पावलोत हे एक पोर त्याच वेळी घराबाहेर पडत असे. कोणत्या वळणावर पाणी साचते, कोठे चाक धरते, कोठे निसटते, हे त्याने वर्षानुवर्षे घोटून घेतले.

सन १९७७ मध्ये तो दक्षिण अमेरिकेचा कार्ट-विजेता झाला. जागतिक स्पर्धेत मात्र १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे तो दुसरा आला. हे जगज्जेतेपद त्याला आयुष्यात कधीच मिळाले नाही आणि ते शल्यही गेले नाही. दुसरा क्रमांक हा शब्द त्याच्या आयुष्यात पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

सन १९८१ मध्ये, नवपरिणीत पत्नीसह, तो इंग्लंडास आला. मोटारशर्यतीचे शिक्षण घ्यावयाचे तर त्या काळी इंग्लंडास पर्याय नव्हता. एकआसनी, उघड्या चाकांच्या शर्यतमोटारींची तेथे पायऱ्यांप्रमाणे श्रेणी लावलेली असे : तळाशी फॉर्म्युला फोर्ड, मग फॉर्म्युला फोर्ड २०००, त्यावर फॉर्म्युला थ्री, आणि शिखरावर फॉर्म्युला वन. नॉरफोक परगण्यातील थंडी, परकी भाषा, परके अन्न, आणि घरी साव पावलोत वडिलांचा कारखाना वाट पाहत असलेला. पहिल्याच वर्षी त्याने फॉर्म्युला फोर्डच्या दोन मालिका जिंकल्या. आणि वर्ष संपताच शर्यती सोडल्याचे जाहीर करून तो मायदेशी परतला.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. वडिलांना मुलगा धंद्यात हवा होता. मुलगाही वडिलांचा शब्द मोडणारा नव्हता. व्यवसाय-व्यवस्थापनाच्या महाविद्यालयात त्याने पूर्वी नाव घातले होते आणि तीन महिन्यांत सोडलेही होते. आता पुन्हा तो घरच्या कामात बसला. पण त्याचे मन तेथे रमेना. ते पाहून अखेर वडिलांनीच माघार घेतली. मुलाच्या हट्टाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात; डोळ्यांदेखत मुलगा कोमेजताना पाहून स्वतःचा बेत मोडणाऱ्या बापाची कथा कोणी फारशी सांगत नाही. सन १९८२ च्या आरंभी आयर्टन इंग्लंडास परतला तो एकटाच. त्याचा संसार मोडला होता. त्या वर्षी त्याने फॉर्म्युला फोर्ड २००० मधील ब्रिटिश व युरोपीय अशी दोन्ही अजिंक्यपदे मिळविली.

आता सन १९८३. ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीची मालिका वीस शर्यतींची होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू होऊन ऑक्टोबरच्या अखेरीस संपणारी. या मोटारींना दोन लिटरचे, मुळात साध्या मोटारीसाठी घडविलेले इंजिन असे, आणि त्याने श्वास घ्यावयाचा तो अवघ्या २४ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून. हेतू हा की कोणाचेच इंजिन फार जोरकस होऊ नये. असे असले म्हणजे वळणावर गमावलेला वेग सरळ रस्त्यावर इंजिनाच्या बळावर भरून निघत नाही. चालकाने जे घालविले ते घालविलेच. म्हणूनच फॉर्म्युला वनचे पथकप्रमुख नवा माणूस हेरण्यासाठी या शर्यतींवर डोळा ठेवून असत.

सेन्नाची गाडी राल्ट बनावटीची, इंजिन टोयोटाचे, आणि पथक डिक बेनेट्स या न्यूझीलंडच्या कुशल यंत्रज्ञाचे. त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी मार्टिन ब्रंडल. तो नॉरफोकमधील किंग्ज लिन गावचा, मोटारविक्रेत्याचा मुलगा, सेन्नाहून सुमारे नऊ महिन्यांनी मोठा. त्याचीही गाडी राल्ट, इंजिनही टोयोटाचेच; पथक मात्र एडी जॉर्डन या खटपटी आयरिश गृहस्थाचे. त्या पथकापाशी पैशाची नेहमी चणचण असे. थोडक्यात, हत्यारे सारखीच होती. फरक राहिला तो हातांचा.

मार्च ते मे या तीन महिन्यांत नऊ शर्यती झाल्या आणि त्या नऊही सेन्नाने जिंकल्या. सिल्व्हरस्टोन येथील त्याचे विजय पाहून इंग्रज वार्ताहर त्या मैदानाच्या नावाची विनोदाने मोडतोड करून त्याला सिल्वास्टोन म्हणू लागले. त्याची रीत अशी की, शर्यत सुरू होताच, टायर अजून थंड असताना, इतरजण बेताबेताने जात असतात तेव्हाच तो जिवाच्या आकांताने गाडी पिटाळी. दोन फेऱ्यांत पुढे निघून जावयाचे, मागच्यांच्या आशेची दोरीच कापून टाकावयाची. ब्रंडल बहुधा दुसरा येई. नऊ वेळा त्याच एका माणसाची पाठ पाहून दहाव्या वेळी पुन्हा त्याच उमेदीने उभे राहणे म्हणजे काय, हे ज्यांच्या वर्गात एखादा कायमचा पहिला असतो त्यांना सांगावयास नको.

मे महिना संपला तेव्हा अजिंक्यपदाचा निकाल लागल्यासारखाच होता. परंतु आमच्या गणित शिकणाऱ्या मुलांनी येथे थोडी बेरीज-वजाबाकी करून पाहावी. पहिल्यास ९ गुण, दुसऱ्यास ६, तिसऱ्यास ४, पुढे ३, २ आणि १. सर्वांत जलद फेरी करणारास आणखी एक. जलद फेरीचा गुण बाजूस ठेवू. नऊ विजयांचे गुण झाले ८१. समजा, प्रतिस्पर्धी नऊही वेळा दुसरा आला, तर त्याचे झाले ५४. अंतर २७ गुणांचे. म्हणजे पहिल्याने तीनदा शर्यत अर्धवट सोडावी आणि दुसऱ्याने त्या तीनही जिंकाव्यात, की नऊ विजयांची कमाई साफ धुऊन गेली. जिंकण्याचे बक्षीस दुसऱ्या येण्याहून तीनच गुणांनी मोठे होते. शर्यत पुरी न करण्याचा दंड मात्र फार जबर होता. बेरीज इतकी सोपी आहे. सेन्नाला ती येत नव्हती असे कोण म्हणेल? पण रस्त्यावर समोर दुसऱ्याची गाडी दिसली की ती बेरीज त्याच्या मनातून पार पुसली जाई.

जूनच्या मध्यास सिल्व्हरस्टोन येथे युरोपीय मालिकेशी जोडलेली शर्यत झाली. तीत ब्रंडल आरंभापासून पुढे राहिला आणि त्याच्या मागे लागलेला सेन्ना रस्त्याबाहेर फेकला गेला. आठवड्याने कॅडवेल पार्क. हे मैदान डोंगरउताराचे, अरुंद. सर्वांपुढची जागा मिळविण्याच्या सरावातच सेन्नाने गाडी इतकी मोडून घेतली की शर्यतीला त्याला उभेही राहता आले नाही. ब्रंडलने ती जिंकली. जुलैच्या आरंभी ब्रंडलच्या नॉरफोक परगण्यातच, स्नेटर्टन येथे शर्यत होती. ती संपत आली असता दुसऱ्या स्थानावरून सेन्नाने पुढे घुसण्याचा यत्न केला आणि पुन्हा गाडी घालविली. सहा गुण हातात होते. ते त्याला नको होते.

मग ऑगस्टात ऊल्टन पार्क येथे तर कहरच झाला. जेथे जागा नव्हती तेथे त्याने गाडी आत घातली. दोघे आदळले आणि सेन्नाची मोटार ब्रंडलच्या मोटारीवर चढून बसली. ब्रंडलचे डोके वाचले हे दैव म्हणावयाचे. शर्यत तिसऱ्याच कोणी जिंकली. या प्रसंगी दोष सेन्नाचाच होता असे आम्हांस वाटते, आणि त्याच्या भक्तांना ते आवडणार नाही.

गंमत अशी की याच दिवसांत मोठ्या जगाचे दरवाजे त्याच्यासाठी उघडत होते. १९ जुलै १९८३ रोजी डॉनिंग्टन येथे विल्यम्स पथकाने त्याला पहिल्यांदाच फॉर्म्युला वनच्या मोटारीत बसविले आणि त्याचा वेग पाहून जाणते थक्क झाले. शिखरावर त्याचे स्वागत चालले होते. आणि खालच्या पायरीवर किंग्ज लिनचा एक मुलगा त्याला एकेक गुणाने गाठत होता.

ब्रंडलने त्या उन्हाळ्यात काय केले? विशेष काही नाही. जिंकता आले तेथे जिंकला, न आले तेथे दुसरा आला, आणि गाडी घरी आणली. ऑक्टोबरच्या आरंभी सिल्व्हरस्टोन येथे त्याने आणखी एक विजय मिळविला तेव्हा वीसपैकी एकोणीस शर्यती झाल्या होत्या आणि गुणतक्त्याच्या अग्रभागी नाव होते मार्टिन ब्रंडल याचे. फरक एका गुणाचा.

शेवटची शर्यत २३ ऑक्टोबरला थ्रक्स्टन येथे व्हावयाची होती. मध्ये तीन आठवडे होते. आतापर्यंत जो राग रस्त्यावर सांडत होता, तो सेन्नाने या तीन आठवड्यांत कामाला लावला. आपले इंजिन घेऊन तो स्वतः इटलीतील नोव्हामोटर कारखान्यात गेला आणि ते उकलून पुन्हा जुळविले जाईपर्यंत तेथे राहिला. बेनेट्सच्या मंडळींनी गाडीत सुधारणा केल्या. शर्यतीच्या दिवशी आणखी एक युक्ती योजिली : इंजिनाचे तेल लवकर तापावे, म्हणजे पहिल्या फेरीपासून पूर्ण जोर मिळेल, म्हणून तेल थंड करणाऱ्या जाळीची हवेची वाट चिकटपट्टीने बंद केली. तेल तापले की ती पट्टी चालकाने काढून टाकावयाची.

सेन्ना आरंभापासून पुढे गेला. तेल तापले. त्याने हात बाहेर काढून पट्टी ओढू पाहिली, तर हात पोहोचेना. खांद्यावरचे पट्टे त्याला आसनाशी जखडून होते. तेल तापतच राहिले असते तर इंजिन फुटले असते आणि वर्ष तेथेच संपले असते. तेव्हा धावत्या मोटारीत त्याने आपले पट्टे सैल केले, बाहेर झुकून पट्टी उपटली, आणि सैल पट्ट्यांनीच पुढचे वळण कसेबसे पार केले. ही गोष्ट वाचताना आमच्या तळहातांस घाम सुटला हे कबूल करतो. (आमच्या दुचाकीवरून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी यातून कोणताही धडा घेऊ नये.) सेन्ना पहिला आला, ब्रंडल तिसरा. वीसपैकी बारा शर्यती जिंकणाऱ्याला अजिंक्यपद मिळाले ते शेवटच्या दिवशी.

महिना उलटण्यापूर्वीच तो मकाव येथे गेला. चीनच्या किनाऱ्यावरील हे शहर १९९९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होते, जसा १९६१ पर्यंत आमचा गोवा होता. आमच्या वडीलधाऱ्यांनी पणजी-मडगावच्या रस्त्यांवर ज्या भाषेच्या पाट्या वाचल्या, त्याच भाषेच्या पाट्या त्या दूरच्या रस्त्यांवर या ब्राझीलच्या मुलाला वाचावयास मिळाल्या. मकावची शर्यत गावातल्या रस्त्यांवरच होते. फेरी सुमारे सहा किलोमीटरांची, एका बाजूस समुद्र, दुसरीकडे टेकडी, आणि दोन्हीकडे कठडे. चूक झाली तर सरकावयास हिरवळ नाही, भिंतच. सन १९८३ मध्ये ही शर्यत प्रथमच फॉर्म्युला थ्रीच्या मोटारींसाठी ठेवली होती. पूर्वी कधी न पाहिलेल्या त्या रस्त्यावर सेन्नाने सर्वांपुढची जागा मिळविली, आणि २० नोव्हेंबरच्या शर्यतीचे दोन्ही भाग गाडी शेवटपर्यंत नेऊन जिंकले. उन्हाळ्यात पाच महिने जे त्याला जमले नाही ते येथे जमले होते.

पण कायमचे जमले का? पुढची कथा मुलांना पाठ आहे, ती आम्ही थोडक्यात सांगतो. सन १९८४ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये आला आणि मोनाकोच्या मुसळधार पावसात टोलमनसारख्या दुबळ्या गाडीतून दुसरा आला. २१ एप्रिल १९८५ रोजी पोर्तुगालमधील एस्टोरिल येथे, पुन्हा पावसातच, त्याने पहिला विजय मिळविला. सन १९८८, १९९० आणि १९९१ या तीन वर्षी तो जगज्जेता झाला. १६१ शर्यतींत ४१ विजय, आणि ६५ वेळा सर्वांपुढची जागा. मात्र १९८८ मध्ये मोनाको येथे पन्नासाहून अधिक सेकंदांची आघाडी असता, मागे कोणीही नसता, त्याने गाडी कठड्यावर घातली आणि कोणाशी न बोलता तो सरळ आपल्या बिऱ्हाडी निघून गेला. आणि १९९० मध्ये जपानात सुझुका येथे त्याने पहिल्याच वळणावर प्रॉस्टची मोटार धडकून रस्त्याबाहेर लोटली. त्या धडकेने त्याला अजिंक्यपद मिळाले. ती जाणूनबुजून होती हे त्याने वर्षभराने स्वतःच मान्य केले. ऊल्टन पार्कला जे अविचाराने घडले ते येथे विचारपूर्वक घडले होते. या कृत्याचे समर्थन आम्ही करू शकत नाही.

याच मनुष्याने १९९२ मध्ये बेल्जममधील स्पा येथे, सरावात एरिक कोमास या फ्रेंच चालकाला अपघात झालेला पाहून, स्वतःची मोटार रस्त्यातच थांबविली, मागून येणाऱ्या मोटारींची पर्वा न करता तो धावत गेला आणि कोमासचे इंजिन त्याने बंद केले. आग लागण्याची भीती होती. कोमास वाचला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि वह्यांवरच्या चित्रात त्या दोन्ही मावत नाहीत.

ब्रंडलही फॉर्म्युला वनमध्ये आला. तेथे तो १५८ शर्यती धावला. एकही जिंकू शकला नाही. परंतु १९८८ मध्ये तो स्पोर्ट्स मोटारींचा जगज्जेता झाला व १९९० मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत त्याने जिंकली. १ मे १९९४ रोजी इटलीतील इमोला येथे सेन्नाची विल्यम्स मोटार ताम्बुरेल्लोच्या वळणावर भिंतीवर आदळली, तेव्हा त्याच शर्यतीत ब्रंडल मॅक्लारेनच्या मोटारीत होता. सेन्ना त्या वेळी पहिल्या स्थानावर होता. वय ३४. ब्राझीलने तीन दिवस दुखवटा पाळला. साव पावलोच्या मोरुंबी स्मशानभूमीत त्याला मूठमाती देताना शवपेटीला खांदा देणारांत प्रॉस्टही होता. त्याच वर्षी बहीण व्हिव्हियान हिने त्याच्या नावाने संस्था काढली. ती ब्राझीलमधील मुलांच्या शिक्षणाचे काम करते.

अपघाताच्या आदल्याच दिवशी, त्याच इमोला येथे, सरावात रोलंड रात्सेनबर्गर हा ऑस्ट्रियाचा चालक मरण पावला होता. नवखा होता, फॉर्म्युला वनमध्ये येऊन त्याला जेमतेम काही आठवडे झाले होते. इंग्लंडच्या फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतींतून तोही काही वर्षे धावला होता. सेन्नाला मोडक्या मोटारीतून बाहेर काढल्यावर आत एक घडी घातलेले निशाण सापडले. ते ब्राझीलचे नव्हते. शर्यत संपल्यावर रात्सेनबर्गरसाठी फडकवावे म्हणून त्याने ऑस्ट्रियाचे निशाण बरोबर घेतले होते.